साइडपट्टीवरचा उन्हाळा: फुलं, किडे आणि ग्रामपंचायतीची नोंदवही

भोर तालुक्यातल्या आमच्या गावाला मोठ्या रस्त्यापासून आत येणारा दोनेक किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला आधी शेतं आणि पुढे टेकडी फोडून काढलेली दरड. फेब्रुवारी सरता सरता दरवर्षी या रस्त्याच्या साइडपट्ट्या पेटतात. कधी रस्त्याची गँग पेटवते, कधी बांधावरची आग पसरते, कधी कुणी विडीचं थोटूक टाकतं. 2024 च्या शिमग्याच्या सुमारास मी याबद्दल बोलले, तेव्हा एका शेतकरी दादांनी विचारलं, "वाळल्यालं गवात हाय ते वहिनी. तिथं व्हतं तरी काय?"

त्यांचं विचारणं रास्त होतं आणि उत्तर माझ्याकडे कागदावर नव्हतं. म्हणून 2025 चा उन्हाळा या रस्त्यावर पायी हिंडून नोंदी करायच्या आणि त्या गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांचे उपयोग लिहून ठेवायच्या सरकारी वहीत घालायच्या, असं ठरवलं. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. पुण्यात हिशेबाचं काम करते, सुट्टीला सासरी येते. कागदपत्रांचं मला फारसं वाटत नाही, पण कोणत्या फुलाला काय म्हणायचं याची धास्ती होती. आता काम एका टप्प्यावर आलं आहे. कुणाला आपल्या गावात असं करायचं असेल तर वाट थोडी तरी माहीत असावी, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

सुरुवात कागदापासून केली. जैविक विविधता कायदा 2002 सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि त्या समितीनं लोकांना विचारून नोंदवही करायची असते. आपल्या राज्याचं जैवविविधता मंडळ 2012 पासून आहे, कचेरी नागपूरला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं या नोंदवह्या पुऱ्या करायला 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून दिली होती, त्यामुळे बहुतेक गावांच्या वह्या त्या घाईच्या दिवसांतल्या असतात. आमचीही तशीच. म्हणजे वही होती. ती बघायला मिळणं हे पहिलं काम.

3 फेब्रुवारीला ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे तीन गावांचा कारभार, ते आठवड्यातले ठरलेले दिवसच आमच्याकडे बसतात. नोंदवही पंचायत समितीत जमा आहे, आणून ठेवतो, म्हणाले. पुढच्या सोमवारी कपाटाची किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई लग्नाला गेला होता. मग 17 फेब्रुवारीला माहिती अधिकाराचा साधा अर्ज दिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोहोच घेतली. पोहोच न घेता अर्ज देऊ नका. पुढची सगळी कामं त्या शिक्क्याच्या आधारानं चालतात. कायद्यानं तीस दिवसांची मुदत असते. मला 12 मार्चला पत्र आलं की चौसष्ट पानं आहेत, पानाला दोन रुपयेप्रमाणे एकशे अठ्ठावीस रुपये भरा. भरले आणि त्याच दिवशी प्रती हातात आल्या. भाऊसाहेब स्वतः म्हणाले, "मॅडम, ही वही मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." ते हे तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. पुढे त्यांनीच सगळ्यात जास्त मदत केली.

वहीत गाव ओळखू येत होतं: भाताच्या जाती, आंबे, गुरं, ओढ्यातले मासे, विहिरी. फुलं मात्र दोनच वाटांनी आत आली होती. एक तर औषधी म्हणून, नाही तर तण म्हणून. किड्यांचा तक्ता होता तो पिकांवरच्या किडींचा. बाकीचे सगळे कीटक वन्य प्राण्यांच्या तक्त्यात एका ओळीत होते: 'फुलपाखरे, मधमाशा, भुंगे इ.' रस्त्याकडेची जागा अधिवास म्हणून कुठेच नव्हती. कोणती भर घालायची ते त्या एका ओळीनं मला दाखवलं.

पत्राची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता, कारण उन्हाळा थांबत नाही. 2 मार्चच्या रविवारी सकाळी सातला मी फाट्यावरून चालायला सुरुवात केली होती. पद्धत साधी ठेवली. रस्त्याचे पाच तुकडे केले: फाटा ते मोरी, मोरी ते वडाचं झाड, वड ते पाण्याचा व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह ते दरडीचं वळण, वळण ते गावची कमान. प्रत्येक तुकड्यात काय फुललंय, किती ठिकाणी, आणि फुलावर कोण बसलंय हे लिहायचं. जाताना डावी बाजू, येताना उजवी. नऊनंतर ऊन चढतं, मोबाइलचा पडदा दिसत नाही आणि माणूसही घाई करायला लागतो, म्हणून नऊला थांबायचं.

सामानात दहापट मोठं दाखवणारं भिंग अडीचशे रुपयांचं, मोबाइलला लावायची मॅक्रो भिंगाची चिमटी सातशेची, साठ रुपयांची डायरी, शिसपेन्सिल, पाणी आणि हातात काठी. काठी घोणशीसाठी. वाळल्या गवतात पाय टाकायच्या आधी काठीनं आपटायचं आणि क्षणभर थांबायचं. अंगावर भडक रंगाचं काहीतरी असू द्या, कारण सकाळी दुधाच्या गाड्या वळणावर जोरात येतात. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे स्वारगेटहून येण्याजाण्याचा खर्च फारसा जाणवला नाही.

त्या वर्षी साइडपट्टीचा फाट्याकडचा भाग मी जायच्या आधीच जळून गेला होता. मोरीच्या पुढचा शाबूत होता. एकाच रस्त्यावर जळालेला आणि न जळालेला असे दोन्ही तुकडे मिळाल्यानं ताडून बघता आलं, आणि पुढे ग्रामसभेत त्याचा उपयोग झाला.

मार्चमध्ये नजर वर जाते. पळस उतरणीला लागलेला, काटेसावरीखाली जाड पाकळ्यांचा सडा, ओढ्याकडे एक पांगारा. या झाडांचे फोटो सगळेच काढतात. मला बघायचं होतं ते गुडघ्याच्या खाली. दरडीवर धायटी लालभडक फुलली होती आणि तिच्या नळीसारख्या फुलांत मुंग्यांची ये-जा चालली होती. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुलं, त्यांचा वास वळण यायच्या आधीच नाकात शिरायचा. पिवळा धोतरा मोरीजवळच्या भरावावर माजलेला. हा मूळचा मेक्सिकोकडचा. याच्या बियांच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाल्यानं 1998 साली दिल्लीत माणसं दगावली होती. काटेरी म्हणून गुरं तोंड लावत नाहीत, पण त्याच्या फुलात सातेरी जातीच्या मधमाश्या परागात लोळत होत्या. कोणतं झाड इथलं आणि कोणतं बाहेरून आलेलं हे मी वेगळ्या रकान्यात लिहीत गेले. घाणेरी, एकदांडी, पिवळा धोतरा हे पाहुणे आहेत हे लपवायचं नाही, आणि उन्हाळ्यात त्यांच्यावर किडे पोट भरतात हेही लपवायचं नाही.

घाणेरीचा एक गुण भिंगाशिवायही दिसतो. तिच्या एका गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी असतात. पिवळी ताजी, गुलाबी जुनी झालेली. फुलपाखरू गुच्छावर बसलं की त्याची सोंड पिवळ्या फुलांतच जाते. दहा मिनिटं उभं राहून बघितलं तर कुणालाही पटेल.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो भुईरिंगणीपाशी. जमिनीला चिकटून पसरलेली, पानांवरसुद्धा लांब पिवळे काटे, जांभळी फुलं. जून झालेली फळं पिवळी आणि कोवळी हिरवी पांढऱ्या रेघांची. आमच्या नोंदवहीत ही तणांच्या तक्त्यात होती. आयुर्वेदातल्या दशमुळांतली कंटकारी ती हीच.

तिच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो. तोही उघडा पडलेला नसतो. मधोमध पाच पिवळे परागकोश एकमेकांना टेकून उभे असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला बारीक भोक असतं. पराग त्या भोकातूनच बाहेर येतो, तोही परागकोश हलला तर. 23 मार्चच्या सकाळी व्हॉल्व्हच्या अलीकडे मी उकिडवी बसले होते. एक माशी आली, मधमाशीपेक्षा जराशी भरीव, पोटावर फिकट निळे पट्टे. फुलाभोवती ती साध्या आवाजात घोंघावत होती. मग परागकोशांना पायांनी आणि जबड्यानं धरून, अंग त्यांच्याभोवती वळवून बसली, पंख मिटले, आणि आवाज एकदम चढला. बारीक, टोकदार, तुटक. पंख हलत नव्हते तरी आवाज येत होता. छातीचे स्नायू थरथरवून ती पराग झाडून घेत होती. भिंगातून तिच्या पोटाखालचे केस पिवळे झालेले दिसले. ती उडाल्यावर फूल जवळून पाहिलं, तर परागकोशांवर तपकिरी ओरखडे होते, तिच्या जबड्याच्या पकडीचे. त्यानंतर मी प्रत्येक भुईरिंगणीच्या फुलात आधी ते ओरखडे शोधायला लागले. माशी दिसली नाही तरी ती येऊन गेली हे त्यावरून कळतं.

मधमाशीला हे असं थरथरवणं जमत नाही. वांगी आणि टोमॅटोचं फूल याच घडणीचं असतं. रस्त्याच्या पलीकडेच विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी वांगी होती. मालकांना विचारून बांधावर उभी राहिले, तर तिथेही हीच निळ्या पट्ट्यांची माशी, तोच चढा आवाज. वांग्याची लागवड होण्याआधी आणि काढून झाल्यावर ती कुठे जाते, याचं उत्तर रस्त्याकडेला होतं.

फोटो आयनॅचरॅलिस्टवर टाकत होते. हे ॲप फुकट आहे. आपण फोटो, तारीख आणि ठिकाण द्यायचं. इतर लोक ओळख सुचवतात. दोन-तृतीयांशापेक्षा जास्त लोकांचं प्रजातीवर एकमत झालं की नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. फुलपाखराचं नाव संध्याकाळपर्यंत मिळायचं. माश्यांना मात्र आठवडेच्या आठवडे लागले आणि आमची निळ्या पट्ट्यांची माशी अमेगिला या गटापर्यंत येऊन थांबली. फोटोवरून पुढची ओळख नक्की करता येत नाही, असं एका जाणकारानं लिहिलं. नोंदवहीत तेवढंच लिहिलं. गटापर्यंतची खात्रीची ओळख ही पूर्ण नोंद असते, त्यात कमीपणा मानू नका. झाडांच्या बाबतीत फुलाचा समोरून, फुलाचा बाजूनं, पानाच्या दोन्ही बाजूंचा, खोडाचा आणि अख्ख्या झाडाचा असे फोटो असले तर ओळख लवकर मिळते. नुसत्या सुंदर फुलाच्या फोटोवर लोक अडकतात. आणि ज्या मुळ्यांना, कंदांना बाजार आहे त्यांचं नेमकं ठिकाण ॲपवर झाकून ठेवा, तशी सोय आहे.

गुढीपाडवा 30 मार्चला रविवारी आला. गावी असल्यामुळे संध्याकाळीही रस्त्यावर जाता आलं, आणि सकाळी कधीच दिसलं नसतं ते दिसलं. दिवस मावळताना, न जळालेल्या तुकड्यात, वाळलेल्या गवताच्या काड्यांवर निळ्या पट्ट्यांचे नर एकेक करून उतरत होते. काडी जबड्यात धरायची, पाय आखडायचे आणि तसंच लटकून झोपायचं. एका काडीवर चार, शेजारच्या काडीवर दोन. या जातीच्या माद्या मातीत बिळं करून त्यांत अंडी घालतात. नरांना घर नसतं, त्यांची रात्र काडीवर जाते. मी जाऊबाईंना हाक मारून आणलं. त्या बॅटरी लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचं अंथरूणच जाळतो की आपण."

एप्रिलमध्ये नोंदींना वेग आला. कडुनिंब आणि करंज दोन्ही फुलले. करंजाखाली सकाळी उभं राहिलं की वरून मधमाश्यांचा एकसारखा गजर येतो: फुलोरी, सातेरी, आणि दरडीवरच्या कड्यातलं आग्या मोहोळ तिथूनच खाली येत असावं. आग्यामुळे त्या भागात अत्तर, सुवासिक तेल काहीही लावून जाऊ नका आणि मोहोळाच्या खाली धूर होईल असं काही करू नका. व्हॉल्व्हमधून पाणी झिरपायचं, त्यामुळे तिथे हातभर जागा कायम ओली. सगळं रान तापलेलं असताना त्या ओलीवर फुलपाखरं चिखलपान करत बसलेली असायची, पिवळी आणि पांढरी, पंख मिटून, सगळ्यांची तोंडं जवळपास एकीकडे. चिखलातले क्षार घ्यायला येणारे हे मुख्यतः नर असतात. व्हॉल्व्हची गळती दुरुस्त व्हायला हवी हे खरंच आहे; मी नोंदीत फक्त 'ओलसर जागा' असं लिहिलं.

रुईकडे मी वळले ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. रुईवर मोठे काळे भुंगे येतात. एकदा एक भुंगा गारठल्यासारखा फुलावरच थांबला आणि मला त्याचे पाय भिंगानं नीट बघता आले. दोन पायांना बारीक पिवळ्या पिशव्यांच्या जोड्या अडकल्या होत्या. रुईचा पराग सुटा नसतो, तो असा पिशव्यांत बांधलेला असतो, दोन पिशव्या एका काळ्या चिमटीला जोडलेल्या. भुंग्याचा पाय फुलाच्या फटीत घसरला की चिमटी पायाला बसते आणि पुढच्या फुलात तशाच फटीत पिशवी अडकून राहते. इतक्या मोठ्या ताकदीच्या किड्याशिवाय हे काम होत नाही, आणि तो भुंगा घर करतो वाळक्या लाकडात आणि बांबूत.

त्याच झुडपाच्या पानाखाली प्लेन टायगर फुलपाखराची अंडी होती. पुढच्या आठवड्यात तिथे अळ्या होत्या, पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, पाठीवर काळ्या शिंगांसारख्या धाग्यांच्या तीन जोड्या. एक अळी पान खायच्या आधी पानाची शीर कुरतडत बसली होती. शिरेतून चीक गळून गेला आणि मग तिनं तिच्या पुढचं पान खायला घेतलं. रुईचं विष अंगात साठवूनच ही जात पक्ष्यांपासून वाचते, तरी चिकानं तोंड चिकटू नये म्हणून ही खबरदारी. आपल्यालाही खबरदारी हवीच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. पान उलटायचं तर काठीनं, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावायचा नाही. मुलांना बरोबर नेणार असाल तर हे पहिल्यांदा सांगा.

मग परत कागद. 1 मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा होता. ऐनवेळच्या विषयात मांडता येतो, पण तोवर लोक उठायला लागलेले असतात. विषयपत्रिकेवर यायचं तर नोटीस निघायच्या आत अर्ज हवा, म्हणून 17 एप्रिललाच सरपंचताई आणि भाऊसाहेब यांच्या नावे दिला. अर्जात दोनच गोष्टी मागितल्या: नोंदवहीला रस्त्याकडेच्या अधिवासाची पुरवणी जोडणे, आणि ठरावीक टप्प्यात साइडपट्टी न पेटवणे. अर्जाला जोडायच्या पुरवणीचे तक्ते मी मूळ वहीच्या रकान्यांतच भरले, म्हणजे स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, अधिवास, स्थिती पूर्वी आणि आता, उपयोग, माहिती देणाऱ्याचं नाव. आपला वेगळा नमुना बनवला की समितीला तो कुठे बसवायचा कळत नाही. रंगीत प्रिंटची बावीस पानं, पानाला पंधरा रुपये, वर स्पायरलचे पन्नास. सगळ्या कामाचा खर्च, प्रवास सोडून, दीड हजाराच्या थोडा वर गेला.

माहिती देणाऱ्याचं नाव हा रकाना नीट भरा. शेळ्या घेऊन त्या रस्त्यानं जाणाऱ्या एका आजींनी मला भुईरिंगणीच्या बियांची धुरी दाढदुखीला कशी द्यायचे ते सांगितलं. त्यांना विचारूनच नाव घातलं, आणि वाचूनही दाखवलं. ते ज्ञान त्यांचं आहे. एका दुसऱ्या म्हाताऱ्या बाबांनी नाव नको म्हटलं, तर तिथे नाव न घालता नोंद ठेवली. उपयोग लिहिला म्हणजे ते औषध करून बघा असं नाही, हेही पुरवणीत वर लिहिलं आहे.

1 मेला गणपूर्ती झाली नाही. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातली जी संख्या कमी ती लागते. लग्नसराईत तेवढी माणसं चावडीवर येत नाहीत. सभा तहकूब झाली. जीव खट्टू झाला, पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते आणि विषय तेच राहतात, हे भाऊसाहेबांनी सांगितलं. मधल्या दिवसांत, 12 मेला, जैवविविधता समितीची बैठक झाली. समिती 2020 पासून कागदावर होती, तिच्यातल्या दोन ताईंना आपण सदस्य आहोत हे तेव्हा कळलं. त्यांनीच तक्ते सगळ्यात बारकाईनं तपासले आणि मी 'दुर्मीळ' लिहिलेली एक वेल त्यांच्या वस्तीमागे भरपूर आहे, हे सांगून ती नोंद बदलून घेतली.

तहकूब सभा 15 मेला झाली. मी फुलांच्या सौंदर्याबद्दल काही बोलले नाही. वांग्याचं फूल आणि भुईरिंगणीचं फूल शेजारी शेजारी ठेवलेला एक फोटो दाखवला, दोन्हींवर तीच माशी. मग काडीवर झोपलेल्या नरांचा. मग जळालेल्या तुकड्यातली आणि शाबूत तुकड्यातली यादी एकाखाली एक. वांगीवाले मालक स्वतः उठून म्हणाले की माशी त्यांनी रोज पाहिली आहे, फक्त ती कुठून येते ते माहीत नव्हतं. विरोधही झाला आणि त्यात तथ्य होतं: वळणावर गवत वाढलं की समोरची गाडी दिसत नाही, आणि वाळकं गवत ठेवलं तर एखाद्या ठिणगीनं आग शेतात शिरेल. चर्चा तासभर चालली. ठरलं ते असं: वळणापाशी दोन्ही बाजूंनी मीटरभर पट्टा कापून मोकळा ठेवायचा, बाकी मोरी ते कमान या टप्प्यात फेब्रुवारीपासून मृगापर्यंत पेटवायचं नाही, कापायचंच झालं तर एका वर्षी एकाच बाजूचं. मला पूर्ण रस्ता हवा होता. फाटा ते मोरी हा भाग ठरावात आला नाही, कारण तिथे लगत ऊस आहे आणि मालकांना आगीची भीती वाटते. मला ती भीती खोटी वाटत नाही.

मे महिन्यात वळवानं असा जोर धरला की उन्हाळी नोंदी लवकर आटोपत्या घ्याव्या लागल्या. कुडा पांढरा झाला होता आणि बहाव्याची फुलं पावसानं झोडपून रस्त्यावर आली होती. 26 मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचला, तिथे तो इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती, आणि त्याच दिवशी पुण्यातही. पुढच्या फेरीला भुईरिंगणीच्या जागेवर चिखल होता आणि दरडीखाली काळ्या मुसळीच्या चांदण्या, पिवळ्या, जमिनीला टेकलेल्या. मखमली लाल मृगाचा किडाही दिसला. त्याला आपण किडा म्हणतो, पण पाय आठ मोजले. तो कोळ्याच्या नात्यातला, म्हणून पुरवणीत कीटकांच्या तक्त्यात न घालता खाली वेगळा लिहिला.

ठरावाची प्रत लगेच मिळत नाही. इतिवृत्त लिहून, सही होऊन ती 9 जूनला हातात आली. प्रत घेताना ठराव क्रमांक, सूचक-अनुमोदकांची नावं आणि टप्प्याच्या हद्दी अर्जात होत्या तशाच उतरल्या आहेत का, ते तिथेच उभं राहून वाचा. आमच्या प्रतीत 'मोरी' ऐवजी 'मोरया' झालं होतं. भाऊसाहेबांनी दुरुस्त करून पुन्हा शिक्का मारला. 16 जूनला ही प्रत जोडून रस्ता ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयाला पत्र दिलं. त्यात आणखी एक विनंती केली, की साइडपट्टी मुरमानं भरताना दरडीखालचा मातीचा कट सोडावा, कारण माश्यांची बिळं त्यातच आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. आवक क्रमांक आहे, तीस दिवस झाले की स्मरणपत्र द्यायचं.

पुरवणीतला 'स्थिती: पूर्वी' हा रकाना अजून अर्धा रिकामा आहे. तो मला भरता येत नाही. त्यासाठी सत्तरीच्या पुढच्या माणसांजवळ बसावं लागतं, आणि आवणीच्या दिवसांत ती माणसंही खाचरात असतात. समितीतल्या दोन ताईंनी दुपारच्या वेळेला त्यांना गाठायचं कबूल केलं आहे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पुरवणीचा दुसरा भाग ठेवायचा आहे, तर तो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आवक व्हायला हवा, नोटीस निघायच्या आत.